न बांधलेल्या संडासाचं लोकार्पण

संपादकांनी पत्रातून विषय सुचवला होता, 'महापौर ते न्यायाधीश : एक प्रेरणादायी प्रवास'. प्रवास म्हणाल तर महापालिका भवनापासून शिवाजीनगरच्या कोर्टापर्यंत चालत दहा मिनिटं लागतात. मला आठ वर्षं लागली. मधे पक्षाने तिकीट नाकारलं, मग वकिलीची पुस्तकं पुन्हा झटकली, मग बायका सुना आणायच्या तयारीला लागतात त्या वयात मी परीक्षेला बसले. यात प्रेरणा घेण्यासारखं काही असेल तर ते तिकीट नाकारणाऱ्यांचं श्रेय आहे.

म्हणून मी दुसरंच लिहिते आहे. एका संडासाबद्दल.

"दिवाळी अंकात?" आमच्या ह्यांनी चष्म्यावरून विचारलं. "लोक चकली खात वाचतात तो अंक."

"फराळ झाल्यावर वाचतील," मी म्हटलं.

आणखी दोघांनी फोन करून हे लिहू नका असं सुचवलं. एक निवृत्त न्यायाधीश आहेत, एक माझ्या जुन्या पक्षातले. एरवी या दोघांचं कशावरही एकमत होणार नाही. ज्या गोष्टीवर त्यांचं एकमत होतं ती लिहिलीच पाहिजे.

आधी बाहेरच्यांसाठी धंद्याची थोडी माहिती. महापौर म्हणजे शहराचा पहिला नागरिक. म्हणजे काय, ते कुणालाच माहीत नसतं. गल्लीतला दिवासुद्धा महापौराच्या सहीने लागत नाही, सह्या आयुक्तांच्या. महापौराला मिळते गाडी, जरीच्या काठाचा झगा आणि टेबलावरची घंटा. मुख्य सभेत आरडाओरडा वाढला की घंटा वाजवायची आणि 'सभा तहकूब' म्हणायचं. पुढे न्यायाधीश झाल्यावर कळलं की इथेही तेच आहे, फक्त तहकुबीला 'पुढची तारीख' म्हणतात. कोर्टातल्या पहिल्या दिवशी दोन वकील एकदम बोलायला लागले, तर माझा हात टेबलावर घंटा शोधत होता. हाताला दौत लागली. उलटली. पहिला निकाल निळ्या बोटांनी दिला.

माझ्या वेळी महापौरपद एक वर्षाचं होतं. मी पस्तीस वर्षांची होते. कसब्यातल्या आमच्या दोन खोल्यांत झगा घालून आरशापुढे उभी राहिले, तेव्हा सासूबाई दारातून म्हणाल्या, "मेळ्यातल्या राजासारखी दिसतेस गं. टाळ्या वाजवू?" मला राग आला होता. आता त्या फोटोकडे पाहिलं की वाटतं, सासूबाईंनी टाळ्या न वाजवून संयम दाखवला.

त्या बाईला मी आता 'महापौरबाई' म्हणते. माझी तिची ओळख आहे, पण ती मीच होते हे कबूल करायला जड जातं. महापौरबाई दिवसाला तीन-तीन नारळ फोडायच्या. उद्यानं, वाचनालयं, एका ठिकाणी तर नुसता गतिरोधक. खांदा दुखायला लागला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "धुणं-बिणं फार पडतं का?"

आणि दगड. सार्वजनिक काम सुरू होताना भूमिपूजनाचा दगड बसतो, तो छोटा, पायाजवळ. पुढे त्याच्यावर माती येते, सायकली टेकतात. काम पुरं झालं की लोकार्पणाचा दगड बसतो, तो मोठा, दर्शनी भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर. काम सुरू एकाच्या काळात होतं, पुरं दुसऱ्याच्या. त्यामुळे बी पेरणाऱ्याचं नाव सायकलीखाली आणि फळ खाणाऱ्याचं नाव डोळ्यांसमोर. एक वर्षाच्या महापौराला हे दुःख फार असतं. हसू नका, खरंच असतं.

हे सगळं मी विसरून गेले होते. न्यायाधीश म्हणून नांदेड पाहिलं, सातारा पाहिला, लातूर पाहिलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली तेव्हा पुण्याला बदली मिळाली आणि एका सकाळी एक अपील माझ्यापुढे आलं.

हडपसरला कालव्याकडे एक वस्ती आहे. तिथल्या बायकांनी दावा लावला होता की आमचा सार्वजनिक संडास पाडू नये. शेजारची सगळी जमीन एका बिल्डरने घेतली होती, आणि संडास ऐन त्याच्या फाटकाच्या जागेवर येत होता. खालच्या कोर्टाने पाडायला तूर्त मनाई केली, म्हणून बिल्डर अपिलात आला. बिल्डरचं म्हणणं, संडास खाजगी जमिनीवर मालकाला न विचारता उभा केलेला आहे. बायकांचं म्हणणं, मूळ मालकाने स्वतः जागा दिली, उद्घाटनाला तो हजर होता, भिंतीवर दगड आहे. जागा तोंडी दिलेली, तेव्हा कागद नव्हता, आणि मालकही आता हयात नव्हता. दगड हाच काय तो पुरावा.

बिल्डरचे वकील तयारीचे होते. "मॅडम, दगडावर लोकार्पणाची जी तारीख आहे, त्यानंतर दहा महिन्यांनी या इमारतीचं काम सुरू झालं. कामाचा आदेश बघा, पाण्याच्या जोडणीचा कागद बघा. इमारत नाही आणि लोकार्पण आहे! दगड बनावट आहे. या बायकांनी मागाहून कोरून आणला, आणि वजन यावं म्हणून कुठल्यातरी जुन्या महापौराचं नाव टाकलं. कुणी एक सौ. उषा मनोहर साळ..."

ते थांबले. त्यांची नजर माझ्या टेबलावरच्या पाटीवर गेली. पाटीवर 'उ. म. साळवी' होतं.

मी फायलीतला फोटो उचलला. काळा दगड, पांढरी अक्षरं, महिलांसाठी सार्वजनिक स्वच्छतागृह, यांच्या शुभहस्ते लोकार्पण. माझ्या नावाची अक्षरं स्वच्छतागृहापेक्षा मोठी होती.

अशा वेळी न्यायाधीशाने एकच ओळ लिहायची असते, 'हे प्रकरण माझ्यापुढे नको'. फाइल दुसऱ्या न्यायाधीशाकडे जाते. कारण द्यावं लागत नाही. बरं झालं. कारण लिहावं लागलं असतं तर त्या दिवशीही मी काहीतरी सभ्य खोटं लिहिलं असतं. मी ओळ लिहिली, सही केली आणि पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं. मागच्या बाकावर पाच-सहा बायका बसल्या होत्या. त्यांतली एक, जाड भिंगांचा चष्मा लावलेली, जाताना माझ्याकडे बघत गेली. माझ्याकडे बघत गेलेले आरोपी मी पुष्कळ पाहिले आहेत. हिच्या नजरेत भीती नव्हती, हिशेब होता.

आता त्या दगडाची गोष्ट.

महापौरबाईंच्या वर्षाचा शेवटचा आठवडा होता. हडपसरच्या नगरसेवकाने सांगितलं की वस्तीतल्या संडासाला मंजुरी मिळाली आहे, जागेचं ठरलं आहे, भूमिपूजन करून टाका. महापौरबाई म्हणाल्या, "भूमिपूजन नाही. लोकार्पण."

कनिष्ठ अभियंता बिचारा चाचरत म्हणाला, "मॅडम, अजून खड्डासुद्धा नाही."

"मग भिंत बांधा. एक भिंत दोन दिवसांत होते ना? दर्शनी भिंत बांधा, दगड बसवा. बाकीचं मागून होईल."

"पण मॅडम, अर्पण काय करायचं?"

"तुम्ही अभियंता आहात की व्याकरणाचे मास्तर?"

हे वाक्य मी बोलले होते. त्यावर माझ्याबरोबरचे सगळे हसले, आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं. त्या माणसाचं नाव मला आठवत नाही, ही गोष्ट मला त्या वाक्याइतकीच टोचते.

दोन दिवसांत भिंत झाली. मोकळ्या रानात एक भिंत, मागून टेकू दिलेली, पुढून चुना लावलेली, मधोमध दगड, त्याच्यावर मखमली पडदा. मांडव, खुर्च्या, हार. जागा देणारे शेतकरी नामदेव अण्णा व्यासपीठावर होते. पागोटं, पांढऱ्या मिशा, हातात काठी. मी पडदा ओढला. टाळ्या झाल्या. सूत्रसंचालकाने रीत म्हणून अण्णांना दोन शब्द बोलायला सांगितलं.

अण्णा उठले, भिंतीला वळसा घालून मागे गेले, सावकाश परत आले आणि ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले.

"बाई, जागा म्या दिलीया. लेकीबाळींना कालव्यावर जावं लागतंय म्हून दिलीया, कायमची दिलीया. भित बी दिसतीया, पडदा बी दिसतूया. पर आत बसायचं कुटं?"

वस्तीतल्या बायका अशा हसल्या की मांडव हलला. मी आयुष्यात एवढा हशा पिकवणारी सभा नंतर पाहिली नाही. महापौरबाईंचं तोंड लाल झालं. त्यांनी ध्वनिक्षेपकवाल्याला खूण केली, त्याने सनई लावली, आणि अण्णांचं पुढचं बोलणं सनईत बुडालं. वार्ताहरांना चहाच्या वेळी सांगितलं की म्हातारबाबांचं बोलणं छापू नका, वय झालंय त्यांचं. आणि शेवटच्या मुख्य सभेत महापौरबाईंनी वर्षभरात पूर्ण झालेल्या कामांची यादी खणखणीत आवाजात वाचली. त्यात हडपसरचं महिला स्वच्छतागृह होतं.

तर हा दगड बनावट नव्हता. अगदी अस्सल होता. खोटी मी होते.

निवृत्त झाल्यावर तीनेक महिन्यांनी त्या जाड भिंगांच्या बाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. मंगल गायकवाड. अंगणवाडी सेविका, वस्तीतल्या दाव्यात पहिलं नाव त्यांचं. अपिलात मनाई टिकली होती आणि आता मूळ दावा खालच्या कोर्टात सुनावणीला आला होता. चहाला नको म्हणाल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"ताई, मॅडम म्हणू की साहेब?"

"उषाताई म्हणा."

"ताई, आमच्या वकिलांना तुमची साक्ष हवीय. दगड खोटा म्हणतायत. आम्ही कोरून आणला म्हणतायत. आता आमच्यावरच खोट्या पुराव्याची केस करू म्हणतायत. तुम्ही कोर्टात होता तोवर विचारता येत नव्हतं. आता येतं ना?"

"येतं. पण मंगलताई, खरं सांगायचं तर दगडावरची तारीख..."

"मला नका सांगू तारीख. मी होते तिथं. लग्न होऊन दोन महिने झाले होते. तुमच्या ओवाळणीचं ताट माझ्याच हातात होतं."

मग मी विचारलं, जे मी पंचवीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. "मग पुढे दहा महिने का लागले?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं अंगणवाडीत एखाद्या मोठ्या घोड्याने चड्डी ओली केली की बघत असतील.

"तुमच्यामुळं. आम्ही अर्ज घेऊन गेलो की सगळे म्हणायचे, बाई, तुमच्या कामाचं लोकार्पण झालंय, सभेत वाचून दाखवलंय, आता नवीन कशाला मागता? झालेला संडास झालेला नाही, हे आम्हाला दहा महिने सिद्ध करावं लागलं. शेवटी अण्णांनी सगळ्यांना आणून भिंतीमागं उभं केलं, तेव्हा काम सुरू झालं. तोवर पहाटे कालव्यावरच. मला तेव्हा दिवस गेले होते, ताई. पावसात उतारावरून घसरले. पोर वाचलं, ते वाचलं. नसतं वाचलं तर ते पण कोरलं असतंत का दगडावर?"

आतल्या खोलीत ह्यांनी रेडिओ बंद केल्याचं मला ऐकू आलं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "फार चुकलं."

"मला नका सांगू," मंगलताई उठत म्हणाल्या. "कोर्टात सांगा. तिथं लिहून घेतात."

समन्स निघाल्याची बातमी मला समन्स मिळायच्या आधी गावाला मिळाली. सुरुवातीला म्हटलेल्या त्या निवृत्त न्यायाधीशांचा पहिला फोन तेव्हाचा. "साळवी मॅडम, गेलं तर पाहिजेच. पण 'आठवत नाही' म्हणा. इतकी वर्षं झाली, वय आहे. कोण काय म्हणणार? खोटंही नाही, खरंही नाही. न्यायाधीशपदाची शान राहील."

'आठवत नाही' हे कोर्टातलं सगळ्यात स्वस्त औषध आहे. साताऱ्याला एका साक्षीदाराने माझ्यापुढे स्वतःची सही, स्वतःचं हस्ताक्षर, स्वतःचा साडू, सगळं 'आठवत नाही'त घातलं. शेवटी मी विचारलं, "सकाळी न्याहारी केलीत का?" तो सवयीने म्हणाला, "आठवत नाही." सगळं कोर्ट हसलं. मीही हसले आणि त्याला सुनावलं की हे उत्तर नाही, ही पळवाट आहे. आता मला तीच पळवाट हारतुरे लावून देऊ केली जात होती.

पक्षातल्या त्या गृहस्थांचा फोन अधिक मोकळा होता. "ताई, तेव्हा सगळेच करायचे. तुम्ही एकट्या कशाला अंगावर घेताय? उद्या लोक प्रत्येक दगडाच्या मागे जाऊन बघायला लागतील."

"बघू देत की," मी म्हटलं. "अण्णांनी बघितलंच ना?"

खोटं सांगत नाही, दोन दिवस मी डळमळले होते. सतरा वर्षं मी उंच खुर्चीवर बसून लोकांना 'खरं बोला' म्हटलेलं. ज्यांना मी शिक्षा दिली, ते वर्तमानपत्रात वाचून म्हणणार, हीच का ती बाई? मी तारीख खरी आहे म्हटलं असतं तर कागदांनी मला खोटं पाडलं असतं. 'आठवत नाही' म्हटलं असतं तर माझी शाल शाबूत राहिली असती आणि दगड कोरून आणल्याचा आळ त्या बायकांवर राहिला असता. संडास गेला असता तो वेगळाच. तिसरा रस्ता एकच होता आणि तो माझ्या अब्रूवरून जात होता.

ह्यांना विचारलं, "काय करू?"

"तू मला विचारून कधी काही केलंस?" हे म्हणाले. "आता या वयात नवीन सवयी नकोत. फक्त रिक्षाने जा, बसने नको. स्वारगेटला चढताना मागच्या वेळी पडली होतीस."

साक्षीच्या दिवशी कोर्टाबाहेरच्या बाकावर बसले. साक्षीदाराला नाव पुकारून बोलवतात, नुसतं नाव, त्याला ताई-बाई काही नाही. पुकारा करणारा शिपाई होता रोकडे, दोन वर्षं माझ्याच कोर्टात होता. तो दारात आला, तोंड उघडलं, मिटलं, माझ्याजवळ येऊन वाकला आणि कुजबुजला, "साहेब, चला."

"रोकडे, पुकारा कर."

"साहेब, तुमच्या नावानं कसं ओरडू?"

"जसा बाकीच्यांच्या नावाने ओरडतोस तसा. मी काही वेगळी आलेली नाही."

त्याने डोळे मिटून पुकारा केला. "उषा मनोहर साळवी हाऽजिर!" खालच्या मजल्यावरच्या टपरीतसुद्धा ऐकू गेला असेल.

समोर दिवाणी न्यायाधीश म्हणून एक तरुण मुलगी होती. नव्या न्यायाधीशांच्या प्रशिक्षणात मी तिला शिकवलं होतं. तिने मला ओळखलं आणि ओळखल्याचं दाखवलं नाही. मी खूश झाले. वय पाहून तिने खुर्ची द्यायला सांगितलं. मी म्हटलं, "उभीच बरी आहे." खरं तर गुडघा ठणकत होता. पण त्या मांडवात मी खुर्चीवर होते आणि बायका उभ्या होत्या, तेव्हा एवढं चालायचंच.

बायकांच्या वकिलांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. एक भिंत, मागचा टेकू, पडदा, माझा हट्ट. मुख्य सभेतली यादीही सांगितली, जी कुणी विचारलीच नव्हती. मग त्यांनी विचारलं, जागेचे मालक काय म्हणाले? मी अण्णांचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. टंकलेखक थांबला. न्यायाधीश म्हणाल्या, "थांबू नका. 'आत बसायचं कुठं', असंच घ्या." मागच्या बाकावर हशा झाला. पंचवीस वर्षांनी त्याच वाक्यावर, बहुतेक त्याच बायका. या वेळी सनई नव्हती.

मग बिल्डरचे वकील उलटतपासाला उठले. तेच, जे माझ्या पाटीकडे बघून थांबले होते. आता थांबणार नव्हते.

"म्हणजे न झालेल्या कामाचं लोकार्पण तुम्ही केलंत?"

"केलं."

"जाणूनबुजून?"

"हट्टाने."

"म्हणजे तुम्ही जनतेची फसवणूक केली."

"केली. पण 'जनतेची' म्हणू नका, फार मोठं होतं. या मागे बसलेल्या बायकांची केली."

"पंचवीस वर्षांपूर्वीचं एका म्हाताऱ्याचं वाक्य तुम्हाला शब्दशः आठवतं?"

"वकीलसाहेब, माझा सत्कार शेकडो ठिकाणी झाला. त्यांतलं एक भाषण आठवत नाही. भर सभेत माझी टोपी उडवली गेली ती एकदाच. माणूस हार विसरतो, चपराक विसरत नाही."

"वर्तमानपत्रात हे कुठेच आलेलं नाही."

"मीच येऊ दिलं नाही."

ते जरा हसले, कोर्टाकडे वळले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला, जो मी त्यांच्या जागी असते तर विचारला असता. "साळवीबाई, तेव्हा तुम्ही दगडावर खोटं कोरून घेतलंत. मग आज तुम्ही खरं बोलताय, यावर कोर्टाने का विश्वास ठेवावा?"

"तेव्हाच्या खोट्यात माझा फायदा होता," मी म्हटलं. "आजच्या बोलण्यात काय फायदा आहे ते तुम्हीच शोधून सांगा. मला दिसला तर मीही घेईन."

ते खाली बसले.

कबुली म्हणजे हलकं वाटतं, मन मोकळं होतं, असं लोक लिहितात. मला काही तसं झालं नाही. मला रिक्षात बसल्यावर रडू आलं आणि रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "केस हरलात का आजी?" मी म्हटलं, "अजून माहीत नाही."

निकाल चार महिन्यांनी लागला. मूळ मालकाने जागा स्वतःहून आणि कायमची दिली होती, त्या शब्दावर पक्कं बांधकाम झालं, तेव्हा नंतर जमीन घेणाऱ्याला ती परवानगी मागे घेता येत नाही. संडास पाडायचा नाही. दगड अस्सल आहे, वादी महिलांनी कोणताही खोटा पुरावा दिलेला नाही. आणि मधे एक परिच्छेद माझ्यावर होता. 'या साक्षीदाराचे त्या वेळचे वर्तन निंदनीय आहे. परंतु स्वतःची अप्रतिष्ठा ओढवून घेणाऱ्या साक्षीदाराने खोटे बोलण्याचे कारण दिसत नाही.'

'निंदनीय' हा शब्द मी तीनदा वाचला. मी त्या मुलीला शिकवलं होतं की साक्षीदाराबद्दल लिहिताना शब्द नेमका हवा, जास्त नको, कमी नको. नेमका निवडला पोरीने.

ह्यांनी चष्मा लावून तो परिच्छेद वाचला. "पूर्वीच्या सगळ्या मानपत्रांत तू धडाडीची, कर्तृत्ववान, कनवाळू वगैरे होतीस," हे म्हणाले. "हे पहिलंच मानपत्र, ज्यात तू ओळखू येतेस."

मंगलताईंचा फोन आला. आभार मानले नाहीत, मीही अपेक्षा केली नव्हती. म्हणाल्या, "ताई, निकाल लागला. नळाची तोटी गळतेय, ती आता दुरुस्त करायला टाकतो. निकाल लागेपर्यंत खर्च कशाला करा म्हणून थांबलो होतो."

त्यानंतर मला समारंभांची आमंत्रणं यायची थांबली. निवृत्त न्यायाधीशांच्या एका स्नेहमेळाव्यात एकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुम्ही खुर्चीची अब्रू घालवलीत. मी म्हटलं, खुर्चीला अब्रू नसते हो, चार पाय असतात. बसणाऱ्याने आपली आपण आणायची.

आता बिल्डर वर अपिलात गेला आहे, आणि पुन्हा फोन सुरू झाले आहेत. कुणी म्हणतं, तब्येतीचं कारण सांगून एक प्रतिज्ञापत्र द्या की वयोमानाने स्मरणात गोंधळ झाला असावा. कुणी म्हणतं, निदान हा लेख तरी नको. या सगळ्यांना धंद्यातली एक शेवटची माहिती देते, फुकट. अपिलात साक्षीदाराला सहसा पुन्हा उभं करत नाहीत. तिथे खालच्या कोर्टातला कागद वाचतात. माझी साक्ष सात पानांची आहे, प्रत्येक पानाखाली माझी सही आहे, आणि ती बदलणं आता माझ्याही हातात नाही. उद्या मला खरोखरच काही आठवेनासं झालं, अगदी ह्यांचं नावसुद्धा, तरी चालेल. परवा मी मेले तरी चालेल. त्या सात पानांत मी उभी आहे, गुडघा ठणकत असताना, आणि तिथे मी कुणाचंही ऐकत नाही.